एकोणतीसचं तीस

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला लग्नाचं, स्वयंपाकाचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काहीच विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "तुझ्या हातून झालेली शेवटची चूक कोणती?"

त्या आठवड्यात नाशिकच्या इंदिरानगरात मी सात खोल्या पाहिल्या होत्या. सगळीकडचे प्रश्न ठरलेले होते आणि माझी उत्तरंही. या प्रश्नाची तयारी नव्हती.

"आत्ताच झाली," मी म्हणाले. "बसमधून एक स्टॉप आधी उतरले."

"का?"

"कंडक्टर म्हणाला, इथंच उतरा."

"कंडक्टरची चूक मी विचारलेली नाही."

मी जरा विचार केला. "स्टॉपची पाटी वाचली नाही."

"हां," बाई म्हणाल्या आणि अर्धवट उघडलेलं दार पूर्ण उघडलं. "जिना बाहेरून आहे. चौथी पायरी हलते, सांभाळून."

माझ्याआधी एक गृहस्थ येऊन गेले होते म्हणे. त्यांनी उत्तर दिलं होतं, "माझ्या हातून सहसा चुका होत नाहीत." बाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि परत पाठवलं. "न चुकणारा माणूस गॅस चालू ठेवून गावाला गेला, तर मी विचारायचं कुणाला?" असं त्यांचं म्हणणं.

बाई तेव्हा त्रेसष्टच्या होत्या. शिडशिडीत बांधा, सुती साडी आणि पायात बारमाही कॅनव्हासचे बूट. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं एक्स्चेंज सांभाळून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रिंग आली होती. मी लाइनवर होते." हा विनोद होता की खरी हकिगत, ते मला पाच वर्षांत कळलं नाही.

त्यांच्या हॉलमधलं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "बाई, घड्याळ चुकलंय." त्या म्हणाल्या, "चुकलेलं नाही. ते जगाचं आहे." घरातल्या तीन कॉम्प्युटरांवर देशोदेशीच्या मशिनांचे निरोप यायचे आणि त्यांवर जागतिक वेळ असायची. मनातल्या मनात साडेपाच मिळवत बसण्यापेक्षा बाईंनी भिंतीलाच जागतिक वेळ लावून दिली होती. दूध घालायला येणारे काका मात्र पहिल्या दिवशी घड्याळ बघून घाबरले होते. आपण पहाटे एक वाजताच आलो की काय, असं त्यांना वाटलं.

मशिनांना त्या "अहो" म्हणायच्या आणि माणसांना "अगं" नाहीतर "अरे". "अहो, थांबा जरा, चहा उतू जातोय," हे वाक्य कॉम्प्युटरला उद्देशून असायचं. गल्लीतल्या नगरसेवकाला मात्र त्या सरळ "अरे, गटाराचं झाकण बसलं का?" असं विचारायच्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता बाई घराचा मेन स्विच बंद करायच्या. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालतो की नाही, हे वीज जायच्या आधी बघायला हवं म्हणून. वरच्या मजल्यावर मी अर्धे केस वाळवून ड्रायर हातात घेऊन उभी. खालून आवाज यायचा, "पंखा फिरतोय का गं?" मी ओरडायची, "फिरतोय!" "कुठला?" या "कुठला"वर माझी नेहमी पंचाईत व्हायची, कारण खोलीत पंखे दोन होते आणि मी एकाकडेच बघितलेलं असायचं.

मी स्वतः एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. प्रोग्राम लिहिला की त्याच्याबरोबर त्याच्या चाचण्याही लिहितात. अमुक दिलं तर तमुक आलं पाहिजे, अशा शेकडो छोट्या चाचण्या. त्या मशीन आपोआप चालवतं. सगळ्या पास झाल्या की पडद्यावर हिरवी खूण येते, एक जरी पडली तरी लाल. आमच्या कंपनीत लाल दिसलं की साहेबांचा रक्तदाब वाढायचा, म्हणून माझं खरं काम लालचं हिरवं करणं हे होतं. कसंही.

बाई हेच काम घरबसल्या, बिनपगारी करायच्या आणि त्यांची पद्धत नेमकी उलटी होती. जगभरातले लोक मिळून चालवतात अशी एक मुक्त संगणकप्रणाली आहे. तिच्यातले चौदा प्रोग्राम बाईंच्या जिम्म्याला होते. ते त्यांनी लिहिलेले नव्हते. सटाण्याहून माझी आई आली होती, तेव्हा तिनं मला तिच्या अहिराणीत हळूच विचारलं, "ह्या बाई दिवसभर काय करतीस?" बाईंनी ते ऐकलं आणि आईसमोर बसून सांगितलं, "कांदा पिकवणारा वेगळा असतो ना? तो निवडायचा, गोणीत भरायचा, कुठला आहे कधीचा आहे ते वर लिहायचं, ते काम दुसऱ्याचं. मी गोणी भरणारी आहे."

आईनं लगेच विचारलं, "मंग कांदा सडेल निंघना तं?" म्हणजे, सडका निघाला तर?

बाई एकदम खूश झाल्या. "बघ," मला म्हणाल्या, "तुझ्या कंपनीत हा प्रश्न विचारणारं कुणी आहे का?"

चाचणी पडली की बाईंच्या मते तीनच कारणं असायची. प्रोग्राम चुकला, चाचणी चुकली, नाहीतर जग बदललं. चौथं कारण त्या मानत नसत. मी एकदा म्हणाले, "कधी कधी उगाच पडते. परत चालवली की पास होते." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात चप्पल घालून शिरले. "एक्स्चेंजमध्ये पोरं सांगायची, मॅडम, रिंग जातेय, लाइन सुरू झाली. मी म्हणायची, रिंग जाऊ दे. पलीकडचा माणूस हॅलो म्हणाला का?" परत चालवायला त्यांची ना नव्हती. फक्त आधी पहिल्यांदा का पडली, ते एका लांबुडक्या वहीत लिहायचं आणि मग दुसऱ्यांदा चालवायचं, असा नियम होता. लिहायचं तर कारण माहीत हवं, म्हणून माणूस आधी शोधायचा. नियमाची खुबी ती होती.

एकदा तारखा आणि वेळा सांभाळणारा एक प्रोग्राम बाईंच्या लॅपटॉपवर नापास होत होता. जगात बाकी कुठंच नाही, फक्त त्यांच्याकडे. परदेशातल्या मूळ लेखकानं उत्तर पाठवलं की तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल. बाईंनी दोन दिवसांत शोधून काढलं. त्या गृहस्थांनी धरून ठेवलं होतं की सगळ्या देशांच्या वेळांमध्ये पूर्ण तासांचाच फरक असतो. बाईंनी त्यांना लिहिलं, "आमचा देश अर्ध्या तासावर आहे. हे आम्ही तुमच्या प्रोग्रामला त्रास द्यायला केलेलं नाही. पण आता बदलणारही नाही." लेखकानं माफी मागितली आणि प्रोग्राम सुधारला. बाईंनी त्या दिवशी शिरा केला.

असं करता करता मी त्यांच्या हाताखाली कधी आले ते मलाच कळलं नाही. संध्याकाळी कंपनीतून आले की अर्धा-पाऊण तास खाली बसायची. वर्षभरात चौदापैकी पाच प्रोग्रामांवर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव लागलं. त्यातला एक होता मराठी मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवायचं, हे त्याचं काम. बाईंचा त्याच्यावर फार जीव होता. "बाकी तेरा मी सांभाळते," म्हणायच्या, "ह्यांच्याकडे मात्र लक्ष ठेवते."

त्या वर्षी बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस स्क्रीन नाही. काळा चष्मा लावून बाई हॉलमध्ये रेडिओ ऐकत बसल्या आणि मशिनांचा कारभार माझ्याकडे आला. नेमका त्याच आठवड्यात प्रणालीच्या नव्या आवृत्तीचा दरवाजा बंद होणार होता. परवापर्यंत जे प्रोग्राम आत जातील तेच पुढची दोन वर्षं लोकांना मिळणार. आमच्या बोलणाऱ्या प्रोग्रामची नवी, अधिक गोड आवाजाची आवृत्ती तयार होती. मी ती बांधली आणि पाठवली. निरनिराळ्या जातीच्या मशिनांवर तिच्या चाचण्या चालल्या. सगळीकडे हिरवं. एका ठिकाणी लाल.

ते लाल होतं तळहातावर मावणाऱ्या स्वस्त कॉम्प्युटरांच्या जातीवर. तिथं काही ना काही कुरबुर नेहमीच असायची. कंपनीतही माझं काम तुंबलेलं होतं. मी शेवटची ओळ वाचली, "एक चाचणी नापास". वरच्या ओळी वाचल्या नाहीत. या जातीच्या मशीनवर ही चाचणी घेऊ नये, अशी एक ओळ लिहिली, कारणाच्या जागी "चाचणी लहरी आहे" असं टाकलं आणि परत पाठवलं. लहरी म्हणजे कधी पास होते, कधी नापास. मी ती दुसऱ्यांदा चालवूनसुद्धा बघितली नव्हती. तसलाच एक छोटा कॉम्प्युटर बाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला होता. त्यालाही हात लावला नाही.

"सगळं हिरवं?" बाईंनी काळ्या चष्म्याआडून विचारलं.

"हो, बाई," मी म्हणाले. त्या क्षणी ते खरंच होतं.

नवी आवृत्ती बाहेर आली, लोकांनी घेतली, आवाजाचं कौतुक झालं. काही महिने गेले. मग एका सकाळी बाईंनी मला हाक मारून खाली बोलावलं. त्यांचा डोळा आता स्वच्छ झाला होता. पडद्यावर एक तक्रार होती, मराठीत लिहिलेली. ती लिहिणारे सलीमभाई नाशिक रोडला राहतात, हे पुढे कळलं.

"नमस्कार. मला दिसत नाही. मी तुमचा प्रोग्राम छोट्या कॉम्प्युटरवर वापरतो. नवीन आवृत्तीपासून तो २९ ला तीस म्हणतो. यामुळे माझी एक मुलाखत हुकली. मी एकपासून शंभरपर्यंत सगळे आकडे ऐकून बघितले. १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९ चुकतात. ९९ बरोबर आहे. कृपया दुरुस्त करावे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. "ह्या माणसानं शंभर आकडे एकेक करून ऐकलेत," त्या म्हणाल्या. मग प्रोग्रामच्या बदलांची यादी उघडली. कुठली ओळ कुणी, कधी, का घातली हे तिथं कायमचं लिहिलेलं असतं. माझं नाव होतं. "चाचणी लहरी आहे" होतं. बाईंनी त्या दिवशीचा मशीनचा निरोपही काढला. मी न वाचलेल्या ओळींमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: अपेक्षित एकोणतीस, मिळालं तीस.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फ्रिजवरचा कॉम्प्युटर खाली घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, सांगा बघू." अर्ध्या तासात त्यांना दोष सापडला. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं हुशारी केली होती. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. म्हणून त्यानं 'एकोण'साठी उणे एक असा आकडा ठेवला होता. पण स्मृतीतल्या ज्या खणात तो ठेवला होता, त्या खणात या जातीच्या मशीनला उण्याची खूण कळत नाही. मोठ्या मशिनांना कळते. त्यामुळे 'एकोण' गळून पडायचं आणि नुसतं तीस उरायचं. नव्व्याण्णवच्या नावात एकोण नाही, म्हणून ते वाचलं. लहानपणी पाठ केलेल्या आकड्यांच्या पोटात वजाबाकी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. बाईंनी ती पाठवली आणि तक्रारीखाली उत्तर लिहिलं: दोष आमचा आहे, चाचणीनं तो दाखवला होता, आम्ही चाचणी बंद केली. खाली स्वतःचं नाव घातलं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमचं नाव कशाला?"

"मी तुला काय विचारलं होतं? सगळं हिरवं? असं विचारलं की हो एवढंच उत्तर येतं. कुठली पडली, असं विचारायला हवं होतं." मग साडीचा पदर खोचत म्हणाल्या, "तुझी चूक तू त्यांच्या तोंडावर सांग. पत्ता मागवते."

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकात रिक्षा बदलून आम्ही नाशिक रोडला गेलो. सलीमभाई बहिणीच्या घरी राहत होते. चाळिशीचा माणूस, बारीक मिशी, शर्टाला कडक इस्त्री. बहिणीनं दार उघडलं. आम्ही कोण ते ऐकल्यावर तिनं "या" म्हटलं नाही, नुसती बाजूला झाली.

बाईंनी सांगायला सुरुवात केली, पण मी मध्येच बोलले. अजून थांबले असते तर धीर सुटला असता. "ती चाचणी मी बंद केली. मी वाचलं नाही. दोन दिवसांवर आमची शेवटची तारीख होती."

सलीमभाईंनी चेहरा माझ्याकडे वळवला. "तारीख माझीपण होती ना, ताई."

बाहेर कुणाचा तरी कुकर वाजत होता.

"मी तिथं गेलो," ते म्हणाले, "नवीन शर्ट घालून, बहिणीला घेऊन. टेलिफोन ऑपरेटरची जागा, आमच्यासाठीच राखीव. साहेब बोलले, काल का नाही आले? मी बोललो, आजच तर बोलावलंय, मेलवर पत्र आलंय. बहिणीनं मोबाइलवर पत्र बघितलं आणि चूप झाली. तिथं कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो." मग ते म्हणाले, "मशीन माझे डोळे आहेत. डोळ्यांवर शक घ्यायची आदत नाही मला. आता लागली."

बहीण म्हणाली, "मला कामावर जायचं असतं म्हणून हा स्वतः वाचतो. नाहीतर मीच वाचून दिलं असतं. तुमच्यामुळे हा आता मला प्रत्येक आकडा विचारतो."

बाईंनी हात जोडले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी विचारलं, "जागा भरली का?"

"यादी लागायचीय."

"मग चला."

"कुठं?"

"त्या साहेबाकडे. मशीन घेऊन."

सलीमभाईंनी मान हलवली. "बाई, ते ऐकणार नाहीत. त्यांना रोज शंभर लोक बहाणे सांगतात."

"बहाणा सांगायचा नाहीच," बाई म्हणाल्या. "दाखवायचं."

त्या कार्यालयात आम्हाला दोन तास बाकावर बसवलं. बाईंना दोन तास काहीच नव्हते, खात्यात उभी हयात गेलेली. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी फायलीतून मान वर न करता सांगितलं, "मुलाखती झाल्या. आता काही होणार नाही."

"तुझी दोन मिनिटं दे," बाई म्हणाल्या. साहेब पन्नाशीचे होते. त्यांना "तुझी" म्हणणारं कार्यालयात कुणी नसावं. त्यांनी मान वर केली.

बाईंनी टेबलावर तो तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला, त्याला डबीसारखा स्पीकर जोडला. त्यात त्यांनी मुद्दाम जुनी, दोष असलेली आवृत्ती ठेवली होती. "तुमच्याच कार्यालयाचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "तुझी प्रत समोर धर."

मशीन गोड आवाजात वाचू लागलं. संदर्भ, विषय, महोदय. मग, "आपण दिनांक तीस रोजी सकाळी अकरा वाजता उपस्थित राहावे."

साहेबांनी हातातल्या प्रतीकडे बघितलं. "एकोणतीस आहे इथं."

"हो ना."

"परत लावा."

परत लावलं. परत तीस. मग बाईंनी दुरुस्त आवृत्ती चालवली. तेच पत्र, तोच आवाज, आणि एकोणतीस. साहेबांनी शेजारच्या खोलीतून एका महिला कारकुनाला बोलावलं आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. या वेळी ते मशीनकडे बघत नव्हते, सलीमभाईंकडे बघत होते.

"तुम्ही हे ऐकून आलात?" त्यांनी विचारलं.

"जी. तीन वेळा ऐकलं होतं," सलीमभाई म्हणाले. "तिन्ही वेळा तीस."

आजारी असल्यामुळे राहिलेल्या दोन उमेदवारांची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. त्यांच्याबरोबर यांचं नाव घ्यायचं तर लेखी कारण लागेल, असं साहेब म्हणाले. बाईंनी तिथंच कागद मागून लिहून दिलं की सदर चूक अर्जदाराची नसून प्रोग्राम तयार करून पाठवणाऱ्यांची आहे. सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "आता तुझं नाव." मी सही केली. कंपनीत मी रोज वीसेक ठिकाणी सही करायची, पण वरचा मजकूर पूर्ण वाचून केलेली ही पहिलीच.

मुलाखत झाली. यादीत सलीमभाईंचं नाव दुसरं होतं आणि जागा एक. चार महिन्यांनी पहिला उमेदवार दुसरीकडे गेला आणि सलीमभाईंना पत्र आलं. रुजू व्हायची तारीख त्यांनी तीन वेळा मशीनवर ऐकली आणि चौथ्यांदा बहिणीकडून वाचून घेतली. तसं त्यांनी फोनवर मला स्वतः सांगितलं. मी म्हणाले, "अजून विश्वास बसत नाही ना?" ते म्हणाले, "बसेल. टाइम लागेल." आजही नवी आवृत्ती निघायच्या आधी ते आम्हाला एकपासून शंभरपर्यंत ऐकून कळवतात. आम्ही त्यांना तसं कधी सांगितलेलं नाही.

मधल्या काळात बाईंनी मला एक काम दिलं. चौदाच्या चौदा प्रोग्रामांतल्या बंद करून ठेवलेल्या चाचण्या शोधायच्या आणि प्रत्येकीचं कारण वहीत लिहायचं. मला वाटलं, ही माझी शिक्षा. तिसऱ्या दिवशी एक चाचणी सापडली, नऊ वर्षांपूर्वी झोपवलेली. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "नंतर बघते". नाव बाईंचं होतं. मी क्षणभर विचार केला की दाखवावं की नाही, आणि मग दाखवलं.

बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली. "ही माझी," त्या म्हणाल्या.

"पण नऊ वर्षांत कुणाची तक्रार नाही आली, बाई."

"सगळेच सलीमभाईंसारखं पत्र लिहीत नाहीत गं. बरेच जण नुसतं वापरायचं सोडून देतात." त्यांनी वही ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. ती चाचणी जागी करायला आम्हाला सहा दिवस लागले. आत खरोखर दोष होता, छोटासा. त्या नऊ वर्षांत तो कुणाला चावला असेल ते कळायला मार्ग नव्हता, आणि बाईंना तेच जास्त लागलं. त्या आठवड्यात त्यांनी रविवारचा मेन स्विचही बंद केला नाही. पुढच्या महिन्यात केला, आणि मी बिनविचारता ओरडले, "दोन्ही फिरतायत!"

त्याच सुमारास कंपनीत साहेबांनी मला एक चाचणी बंद करायला सांगितली. ग्राहक थांबलाय, म्हणाले. मी म्हणाले, करते, पण कारणाच्या जागी "साहेबांनी सांगितलं म्हणून" असं लिहीन. त्यांनी मला दोन दिवस वाढवून दिले.

बाई अडुसष्टच्या झाल्या तेव्हा त्यांनी एका सकाळी चौदाही प्रोग्रामांवरून आपलं नाव काढलं. तब्येत ठणठणीत होती. मी विचारलं, "एवढ्यात का?" तर म्हणाल्या, "आजारी पडून सोडलं तर लोक दया करतात. धडधाकट असताना सोडलं तर कामाला लागतात." घर विकायला काढलं नाही, भाच्याला राहायला दिलं, आणि त्या धाकट्या बहिणीकडे कोल्हापूरला गेल्या. जाताना मशीन एकही नेलं नाही, सगळी माझ्याकडे सोपवली. मला म्हणाल्या, "त्यांना अहो म्हणत जा. निदान पहिले काही दिवस."

त्या गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात एक लाल आलं. सरळ नव्हतं. तीन मशिनांवर पास, दोनांवर नापास, आणि त्या दोनांमध्ये काही साम्य नाही. दोन दिवस मी डोकं फोडलं. वहीचं पान कोरंच राहिलं. शेवटी दुपारी जेवायच्या सुट्टीत बाईंना फोन लावला.

"बाई, एक पडलीय. मला काही दिसत नाहीये."

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, एकही ओळ न गाळता. कुठल्या मशीनवर, कुठल्या वेळी, आधी काय बांधलं, मग काय. मोठ्यानं वाचताना डोळे पुढं पळत नाहीत. चाळिसाव्या की पन्नासाव्या ओळीला मी अडखळले. तीच ओळ परत वाचली. मग दुसऱ्या मशीनची तीच ओळ वाचली. दोन्हीकडे तात्पुरत्या फायली ठेवायच्या जागेचं नाव बाकीच्यांपेक्षा लांब होतं, आणि प्रोग्रामनं नावासाठी मोजकीच जागा ठेवली होती. नावाचं शेपूट तुटत होतं.

"बाई, सापडलं!" मी ओरडले. "प्रोग्राम चुकलाय, चाचणी बरोबर आहे. बाई?"

पलीकडे काहीच नाही. मी फोन कानापासून काढून बघितला. कॉल केव्हाच संपलेला होता. एकूण वेळ, अकरा सेकंद.

मी आधी वहीत लिहिलं, मग दुरुस्ती केली, ती दोन्ही मशिनांवर चालवून बघितली आणि संध्याकाळी परत फोन लावला.

"बाई, तुम्ही फोन ठेवून दिलात?"

"मग? तू वाचायला लागली होतीस ना," बाई म्हणाल्या. "माझ्या पोळ्या राहिल्या होत्या."